२८ डिसेंबर आणि खानदेश

दिनविशेषाच्या चौकटीत तारीख तेवढी एक असते. साल, गाव, माणसे सगळी वेगळी. २८ डिसेंबरच्या रकान्यात पुढील चार नोंदी सहज शेजारी येऊन बसतात. १८८५ : मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन सुरू. १९२६ : नंदुरबारला हुतात्मा शिरीषकुमार मेहता यांचा जन्म. १९३१ : गोलमेज परिषदेहून गांधीजी मुंबईला परत. १९३६ : फैजपूर अधिवेशनाचा अखेरचा दिवस. यांपैकी दोन नोंदी थेट खानदेशच्या आहेत. तिसरीचा धागा धुळ्याच्या तुरुंगापर्यंत येतो. पहिलीशी खानदेशाचा वरवर काहीच संबंध दिसत नाही.

असे योगायोग सभेत सांगायला छान वाटतात आणि टाळ्याही मिळवतात. पण तारीख जुळली म्हणून घटना जुळतात असे नाही. ती तारीख कोणी ठरवली, कोणाच्या सोयीने ठरवली आणि मध्ये ती बदलली होती का, हे कागदांतून काढावे लागते. या चार नोंदींच्या मागचे कागद वाचले की त्यांपैकी एकच निव्वळ योगायोग उरतो. बाकीच्यांना कारण आहे, आणि ते कारण फैजपूरच्या माळावर पुरते उघडे होते.

पहिला कागद मार्च १८८५ चा. ‘इंडियन नॅशनल युनियन’ची परिषद २५ ते ३१ डिसेंबर या दिवसांत पुण्याला भरेल, असे सांगणारे ते पत्रक आहे. अजून काँग्रेस हे नाव पक्के झालेले नव्हते. पुण्याची सार्वजनिक सभा यजमान होती आणि पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेतली जागा ठरली होती. पण ऐन वेळी पुण्यात पटकीची साथ आली आणि परिषद मुंबईला हलवावी लागली. गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत सोमवारी, २८ डिसेंबरला दुपारी बारा वाजता कामकाज सुरू झाले. व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष होते आणि ७२ प्रतिनिधी जमले होते. म्हणजे पुण्यात साथ आली नसती, तर आज आपण कदाचित २५ डिसेंबर हा काँग्रेसचा स्थापनादिन मानला असता.

त्या पत्रकातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. एक म्हणजे आठवडा. तो नाताळच्या सुटीचा आठवडा आहे. कोर्टे बंद, कचेऱ्या बंद, कॉलेजे बंद. वकील, संपादक, प्राध्यापक यांना लांबचा प्रवास करायला वर्षातून मिळणारी ही एक निश्चित सवड. दुसरी गोष्ट प्रतिनिधींची पात्रता. बंगाल, मुंबई आणि मद्रास इलाख्यांतले, इंग्रजी भाषेचा चांगला परिचय असलेले पुढारी यावेत, असे पत्रकात स्पष्ट लिहिले आहे. त्या काळी दुसरा मार्ग होता असे मी म्हणणार नाही. कलकत्त्याचा वकील आणि मद्रासचा संपादक एकमेकांशी बोलणार ते इंग्रजीतच. पण तारीख आणि भाषा या दोन्ही अटी एकाच वर्गाच्या दिनक्रमातून आल्या होत्या. एरंडोलचा किंवा शिरपूरचा शेतकरी त्या वर्गात नव्हता. डिसेंबर अखेरीस त्याच्या शेतात कपाशीची वेचणी चाललेली असते आणि रब्बीची ज्वारी उभी असते. त्याला नाताळची सुटी नव्हती.

पुढची चार दशके हाच आठवडा कायम राहिला. १८९५ ला पुणे, १८९७ ला अमरावती, १९०७ ला सुरत, १९२० ला नागपूर; सगळी अधिवेशने डिसेंबरच्या अखेरच्या दिवसांतली. यांतल्या अमरावती आणि नागपूरकडे मुंबईहून जाणारी गाडी चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ करीतच जाते. काँग्रेस खानदेशच्या शेतांमधून कितीदा तरी अशी पुढे निघून गेली. अधिवेशन म्हणून ती इथे उतरली ती थेट १९३६ साली.

दुसरी नोंद १९२६ ची, आणि ती मोजक्या शब्दांत सांगण्यासारखी आहे. मंगळवार, २८ डिसेंबर १९२६. पश्चिम खानदेश जिल्ह्यातले नंदुरबार. जिल्ह्याचे ठाणे धुळे. तिथल्या एका गुजराती व्यापारी कुटुंबात शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता यांचा जन्म झाला. त्या दिवशी दूर आसामात गुवाहाटीला काँग्रेसचे अधिवेशन संपत होते. २६ ला सुरू झाले, २८ ला संपले. स्वामी श्रद्धानंदांच्या खुनाला पाच दिवस झाले होते आणि त्या अधिवेशनावर त्याचे सावट होते. नंदुरबारच्या त्या घरातल्या कोणाला गुवाहाटीची आठवण त्या दिवशी झाली असेल असे मानायला काही आधार नाही, आणि तसे मानण्याची गरजही नाही. चार नोंदींपैकी निखळ योगायोग आहे तो हा.

त्याच आठवड्यातली आणखी एक नोंद या जिल्ह्याचीच आहे आणि ती इथे आठवलीच पाहिजे. शिरीषकुमारच्या जन्मानंतर तीन दिवसांनी, ३१ डिसेंबर १९२६ ला, धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे वारले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड, गावोगावची दप्तरे पायी हिंडून जमवण्याची चिकाटी, आणि लिहायचे ते मराठीतच हा निर्धार. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केल्यावर त्यांनी अखेरची वर्षे धुळ्यात काढली. मागे राहिलेल्या कागदांचे काय करायचे, या प्रश्नाला धुळेकरांनी फार वेळ लावला नाही. ९ जानेवारी १९२७ ला, म्हणजे अवघ्या नवव्या दिवशी, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. जुन्या मराठी पत्रांवर पुष्कळदा मुसलमानी महिन्याचा चंद्र (तारीख) तेवढा असतो, वर्ष नसते. मजकुरातल्या माणसांवरून, स्वाऱ्यांवरून, मुक्कामांवरून ते वर्ष काढावे लागते. तारीख ही मिळवायची गोष्ट आहे, आयती मिळणारी नाही, हे ज्यांनी मराठी वाचकाला शिकवले त्यांत राजवाडे पहिल्या रांगेत आहेत.

त्यांच्या पद्धतीने पाहिले तर ‘एकच दिवस’ ही कल्पनाही थोडी सैल पडते. पंचांग काढून बसले की १८८५, १९२६, १९३१ आणि १९३६ या चारही वर्षांचा २८ डिसेंबर मार्गशीर्षातच येतो. पण पहिले तीन वद्य पक्षातले आहेत आणि फैजपूरचा मात्र पौर्णिमेच्या वेळचा. इंग्रजी कॅलेंडरने जे चार दिवस एका रकान्यात बसवले, ते आपल्या तिथीने एक नव्हतेच. दत्तजयंतीच्या सुमाराला, पूर्ण चंद्राच्या उजेडात फैजपूरला माणसे उघड्यावर बसली होती, हे इंग्रजी तारखेवरून कधीच कळत नाही.

आता तिसरी नोंद. सोमवार, २८ डिसेंबर १९३१. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतलेले गांधीजी मुंबईला उतरले, तेव्हा समेटाचे वातावरण संपलेले होते. सरहद्दीवर खान अब्दुल गफारखान २४ तारखेला पकडले गेले होते. गांधीजींना भेटायला निघालेले जवाहरलाल नेहरू २६ ला अटकेत होते. लगोलग व्हाइसरॉय विलिंग्डन यांच्याशी तारांची देवघेव झाली. ती फुकट गेली. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मणिभवनातून गांधीजींना नेले, आणि देशभर धरपकड सुरू झाली.

या धरपकडीत धुळ्याचा तुरुंग भरला. विनोबा तिथे आले, जमनालाल बजाज आले, आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली शिक्षकाची नोकरी सोडून १९३० पासून चळवळीत उतरलेले साने गुरुजीही तिथे होते. रविवार, २१ फेब्रुवारी १९३२ ला विनोबांनी कैद्यांपुढे गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय. १९ जूनच्या रविवारी अठरावा अध्याय झाला. अठरा रविवार, अठरा अध्याय, एकही खाडा नाही. साने गुरुजी ती प्रवचने बोलण्याच्या वेगाने लिहून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या लिखाणातून उभे राहिले. साने गुरुजींचा हात त्या रविवारांना तिथे नसता तर विनोबांचे बोलणे तुरुंगाच्या भिंतीतच विरले असते.

मुंबईच्या धक्क्यावरचा २८ डिसेंबर आणि धुळ्याच्या तुरुंगातला २१ फेब्रुवारी यांच्यात आठ आठवडेही नाहीत. या दोन तारखा दिनविशेषाच्या एका चौकटीत कधीच येणार नाहीत, पण त्यांचे नाते एका रकान्यातल्या कितीतरी नोंदींपेक्षा घट्ट आहे. इतिहास वाचताना मला अशी नाती अधिक मोलाची वाटतात.

चौथ्या नोंदीकडे जाण्याआधी १९२९ च्या लाहोर अधिवेशनातला एक ठराव वाचायला हवा. लाहोर म्हटले की रावीचा काठ, ३१ डिसेंबरची मध्यरात्र आणि संपूर्ण स्वराज्याची घोषणा आठवते. त्या झळाळीत हा ठराव झाकोळून गेला. त्याचा आशय असा : काँग्रेस ही गरीब जनतेची प्रतिनिधी असावी असा हेतू आहे, डिसेंबरअखेर अधिवेशन भरवले की गरिबांना जादा कपड्यालत्त्याचा खर्च पडतो आणि इतरही अडचण होते, म्हणून अधिवेशन यापुढे फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये भरवावे.

काँग्रेसच्या दप्तरातल्या माझ्या सर्वांत आवडत्या कागदांपैकी हा एक आहे. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी जी तारीख वकिलांच्या सुटीने ठरली, ती पांघरुणाच्या खर्चावरून बदलली. ज्यांच्याकडे अंगावर घ्यायला दुसरी घोंगडी नाही त्यांनीही अधिवेशनाला यावे, हा विचार ठरावाच्या भाषेत उतरला. त्यानुसार पुढचे अधिवेशन मार्च १९३१ मध्ये कराचीला भरले. १९३२ आणि १९३३ ची बंदीतली अधिवेशनेही उन्हाळ्याच्या तोंडावरची होती. मुंबईचे ऑक्टोबर १९३४ मध्ये झाले, लखनौचे एप्रिल १९३६ मध्ये. नाताळचा आठवडा सुटला होता.

मग फैजपूर पुन्हा डिसेंबरात कसे? आणि तेही खेड्यातले पहिले अधिवेशन, जिथे ज्यांच्या थंडीची काळजी लाहोरला केली होती तीच माणसे सर्वांत जास्त येणार होती? उत्तर त्या वर्षाच्या राजकारणात दिसते. १९३५ च्या कायद्याखालच्या प्रांतिक निवडणुका १९३७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत व्हायच्या होत्या. काँग्रेसने त्या लढवायचे ठरवले होते. जाहीरनाम्याला आणि शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला देशासमोर मान्यता घ्यायची तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबणे शक्य नव्हते. लखनौपासून आठ महिन्यांत दुसरे अधिवेशन घेण्याचे दुसरे पटेलसे कारण मला दिसत नाही. म्हणजे काँग्रेस २८ डिसेंबरला फैजपूरला होती ती वाढदिवस साजरा करायला म्हणून नव्हे. निवडणुकीच्या गरजेने ती जुन्या आठवड्यात परत आली होती, आणि ती तारीख आपसूक त्यात पडली.

फैजपूर हे पूर्व खानदेशातले, यावल तालुक्यातले गाव. सातपुड्याच्या पायथ्याची काळी जमीन, कापूस आणि केळी. जवळचे रेल्वे स्टेशन भुसावळ-खंडवा मार्गावरचे सावदा. अधिवेशन खेड्यात घ्यायची कल्पना गांधीजींची. ते १९३४ मध्येच काँग्रेसच्या सभासदत्वातून बाहेर पडले होते, त्याच डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला होता, आणि एप्रिल १९३६ अखेर ते स्वतः वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले होते. खेड्यातल्या अधिवेशनाचा आग्रह या क्रमातला आहे. महाराष्ट्राने आमंत्रण उचलले. शंकरराव देव स्वागताध्यक्ष झाले. खानदेशातून भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने आणि खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी भार उचलला. साने गुरुजी खेडोपाडी प्रचाराला हिंडले.

नगराला नाव दिले टिळकनगर. त्याची रचना करायला गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावले. आपण चित्रकार आहोत, बांधकाम आपले काम नव्हे, अशी शंका नंदबाबूंनी काढली होती. गांधीजींनी ती मानली नाही. बांबू, चटया, गवत, भोवतालच्या शेतांत आणि रानात मिळेल तेच सामान आणि हात गावातल्याच कारागिरांचे, ही अट होती. शहरी मंडपाचे झुंबर आणि झालरी यांना तिथे जागा नव्हती. अध्यक्षांना नेण्यासाठी सजवलेल्या रथाला सहा बैलजोड्या जुंपल्या होत्या. खादी आणि ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी २५ तारखेला केले. त्या वेळचे आणि २७ च्या रविवारचे त्यांचे भाषण ‘हरिजन’मध्ये आहे. कौशल्याचे श्रेय त्यांनी नंदबाबू आणि रचनाकार म्हात्रे यांना मोकळ्या मनाने दिले आहे. २८ ला सोमवार होता, गांधीजींचा मौनाचा वार.

‘हरिजन’चे हे अंक जानेवारी १९३७ चे आहेत. अध्यक्षपदी नेहरूच पुन्हा होते आणि पुढचे अधिवेशन फेब्रुवारी १९३८ ला हरिपुऱ्याला झाले. अशा सगळ्या कारणांनी काही पुस्तकांत फैजपूरचे साल १९३७ असे पडले आहे. ते १९३६ हवे. अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबर १९३६, रविवार आणि सोमवार. हे काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन होते. १८८५ चा २८ डिसेंबरही सोमवारच होता.

मुंबईहून फैजपूरपर्यंत पेटती ज्योत स्वयंसेवकांनी धावत आणली होती. जिथे संस्था जन्मली त्या शहरातून ती जिथे जाऊ इच्छीत होती त्या खेड्याकडे. त्याच रस्त्यांवरून दुसरा एक काफिला आला, त्याची आठवण मात्र आपल्याकडे कमी काढली जाते. मनमाडहून पाचशेच्या वर शेतकरी दोनशे मैलांवर चालून फैजपूरला पोहोचले. त्यांचे पुढारीपण वि. म. भुस्कुटे आणि जे. बुखारी यांच्याकडे होते. वाटेतल्या गावांत सभा घेत, कर्ज आणि शेतसारा यांवर बोलत ते आले. फैजपूरला त्यांच्या स्वागताला नेहरू होते, शंकरराव देव होते, आचार्य नरेंद्र देव, युसुफ मेहेरअली, डांगे होते, आणि महिनाभरापूर्वीच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉयही होते. अखिल भारतीय किसान सभेचे दुसरे अधिवेशन तिथेच भरले. माझ्या मते फैजपूरचे खरे वेगळेपण बांबूच्या कमानींइतकेच या पायी आलेल्या माणसांत आहे. १८८५ च्या पत्रकातली इंग्रजीची अट ज्यांना दारातच थांबवती, ते इथे स्वतःचा झेंडा घेऊन आत आले होते.

ठरावांत त्यांचे वजन दिसते. फैजपूरने शेतीचा कार्यक्रम मंजूर केला. खंड आणि शेतसाऱ्यात भरीव कपात, न परवडणाऱ्या छोट्या जमिनींना सारामाफी, वेठबिगार आणि सरंजामी वसुली बंद, कर्जाचा बोजा हलका करण्याचे उपाय, शेतमजुराला जगण्याइतकी मजुरी, सहकारी शेतीला उत्तेजन, आणि शेतकरी संघटनांना मान्यता. मंदीत कापसाचे भाव कोसळल्याने सावकाराच्या वहीत अडकलेल्या खानदेशी शेतकऱ्याला यांतला प्रत्येक शब्द कळत होता. त्याच अधिवेशनाने १९३५ चा कायदा नाकारला, घटना समितीची मागणी केली, आणि कायदा अमलात येईल त्या १ एप्रिल १९३७ ला हरताळाची हाक दिली. मंत्रिपदे घ्यायची की नाही, हा वाद निवडणुकीनंतरवर ढकलला. नेहरूंच्या भाषणात स्पेनचे यादवी युद्ध होते, युरोपातला फॅसिझम होता. यावल तालुक्यातल्या एका माळावर माद्रिदची बातमी आणि शेतसाऱ्याची सूट एका सभेत बोलली गेली. हे त्या काळाचे मोठेपण आहे असे मला वाटते.

मुंबई इलाख्यात १७५ पैकी ८६ जागा जिंकून जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. फैजपूरच्या कार्यक्रमापैकी किती हाती आले याचा हिशेब त्या मंत्रिमंडळाच्या पदरात घालावा लागतो, आणि तो हिशेब ठरावांच्या तुलनेत तोकडा भरतो. दोन वर्षांत युद्ध आले, मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आणि पुष्कळसे ठरावातच राहिले.

ज्या सोमवारी फैजपूरला अधिवेशन संपत होते, त्या दिवशी नंदुरबारला शिरीषकुमार दहा वर्षांचा झाला. त्याला त्या दिवशी फैजपूरच्या मंडपात नेऊन बसवण्याचा मोह टाळला पाहिजे. गोष्ट सुंदर होईल, पण तिला कागद नाही. खरी गोष्ट तशीच पुरेशी आहे. त्या डिसेंबरात खानदेशच्या दोन्ही जिल्ह्यांत ज्योत, पदयात्रा आणि प्रभातफेऱ्या पाहत जी मुले मोठी होत होती, ती सहा वर्षांनी पंधरा-सोळा वर्षांची झाली.

९ ऑगस्ट १९४२ च्या रविवारी गांधीजींसह सगळे पुढारी पकडले गेले. अमळनेरला लीलाताई पाटील मोर्चा घेऊन निघाल्या, आणि खानदेश पेटला. नंदुरबारची मिरवणूक निघाली ती ९ सप्टेंबरला, अटकसत्राला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी. तारीख पाळण्याची ही पद्धत चळवळीने स्वतः घडवली होती. ती सुटीच्या यादीतून आलेली नव्हती. विद्यार्थी हातात तिरंगा घेऊन गुजरातीत घोषणा देत निघाले. पोलिसांनी मिरवणूक अडवली आणि गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शाह हे पाच जण त्यात गेले. शिरीषकुमारला सोळावे वर्ष पुरे व्हायला साडेतीन महिने बाकी होते. पाच नावांकडे पाहिले तर गुजराती व्यापारी घरांची आणि मराठी घराची मुले एकाच रांगेत आहेत. खानदेशच्या बाजारगावांत दोन्ही भाषा अशाच शेजारी नांदत आल्या आहेत.

आता चार नोंदींचा निकाल देता येतो. १८८५ चा २८ डिसेंबर नाताळच्या सुटीने आणि पुण्याच्या पटकीने ठरवला. १९३६ चा निवडणुकीने त्याच आठवड्यात आणून सोडला. १९३१ चा दिवस बोटीच्या वेळापत्रकाने आला. त्याचा परिणाम मात्र खानदेशच्या वाट्याला तुरुंगाच्या आणि एका पुस्तकाच्या रूपाने आला. शिरीषकुमारचा जन्म तेवढा निव्वळ योगायोग, आणि त्याच्या नावाने आज नंदुरबारला जे स्मारक उभे आहे, ते २८ डिसेंबरसाठी नाही, ९ सप्टेंबरसाठी आहे.

फैजपूरच्या अधिवेशनाचे ठराव, अध्यक्षीय भाषण, गांधीजींची भाषणे छापलेली आहेत आणि ती मिळतात. यातले पुष्कळ इंग्रजीत आहे. ज्यांनी चटया विणल्या, बैल दिले, हजारोंच्या भाकरी थापल्या, ज्योत घेऊन मैलोन्मैल पळाले, त्यांचा कागद असलाच तर तो घराघरांत आहे. सावदा, रावेर, यावल, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार इथल्या जुन्या घरांत ट्रंकेच्या तळाशी स्वयंसेवकाचा बिल्ला, प्रतिनिधीचे तिकीट, वर्गणीची पावती, तुरुंगातून आलेले कार्ड, टिळकनगरातला एखादा फोटो असू शकतो. असे काही आपल्या घरी असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि माहीत असेल ती तारीख लिहा. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून त्या वस्तूची हकिगत कागदावर उतरवा. मग धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे किंवा जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे त्याची नोंद करा. मूळ कागद हातचा द्यायचा नसेल तर त्याची प्रत द्या.